वाचक विचारतात : नव्या ऑनलाइन दुकानासाठी होस्टिंग कसे निवडावे?

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची आहेत. ऑनलाइन दुकान सुरू करायचे आहे, संकेतस्थळ कोणत्या कंपनीच्या सर्व्हरवर, म्हणजे इंटरनेटला सतत जोडलेल्या यंत्रावर, ठेवावे (यालाच होस्टिंग म्हणतात) हे ठरत नाही, तेव्हा एका चांगल्या कंपनीचे नाव सांगा, असा त्यांचा रोख आहे. नाव सांगण्याचे आम्ही टाळतो, कारण एकाच कंपनीच्या दोन योजनांत जेवढे अंतर असते, तेवढे अनेकदा दोन कंपन्यांतही नसते. निवड कशावरून करावी आणि कोणते प्रश्न विचारून करावी, एवढे मात्र नक्की सांगता येईल.

प्रश्न : मी हाताने बांधलेल्या वह्या आणि रोजनिश्या तयार करते. आजवर विक्री ओळखीपाळखीतून होत असे, आता स्वतःचे ऑनलाइन दुकान काढायचे आहे. सुमारे ५०० वस्तू असतील. वर्डप्रेस ही संकेतस्थळ बनवण्याची प्रणाली आणि तिच्यात दुकानाची सोय करणारे वूकॉमर्स हे प्लगइन (जोड-प्रोग्रॅम) वापरावे असा सल्ला मला मिळाला आहे. होस्टिंग कंपन्यांच्या सर्वांत स्वस्त योजनेतही ‘अमर्याद जागा, अमर्याद भेटी’ असे लिहिलेले दिसते. तसे असेल तर महाग योजना कोणी का घ्यावी? आपण मार्गदर्शन करावे.

उत्तर : जागेची अडचण दुकानाला सहसा येतच नाही. तुमच्याच दुकानाचा हिशेब करू. ५०० वस्तूंची प्रत्येकी चार छायाचित्रे धरली तर २,००० चित्रे होतात. वर्डप्रेस प्रत्येक चित्राच्या वेगवेगळ्या आकारांच्या प्रती स्वतःच तयार करून ठेवते. मूळ चित्र धरून अशा आठ प्रती झाल्या असे समजले, तर १६,००० फायली होतील. प्रत्येक फाइल सरासरी १५० केबीची धरली तरी एकूण जागा अडीच जीबीच्या आतच राहते. म्हणजे ‘अमर्याद’ जागा देण्यात कंपनीचे काही जात नाही. फायलींच्या संख्येवर मात्र बहुतेक योजनांत मर्यादा असते, तिला आयनोड मर्यादा म्हणतात, आणि तिच्यात तुमच्या ईमेलचे प्रत्येक पत्र आणि कॅशेची, म्हणजे तयार करून ठेवलेल्या पानांची, प्रत्येक फाइलही मोजली जाते. ही मर्यादा जाहिरातीच्या पानावर सापडत नाही, सेवेच्या अटींत सापडते.

खरी मेख प्रोसेसर, मेमरी आणि एकाच वेळी चालणाऱ्या प्रक्रियांमध्ये आहे. तुमच्या वहीचे पान सर्व ग्राहकांना सारखेच दिसते, त्यामुळे ते एकदा तयार करून कॅशेमध्ये ठेवता येते आणि सर्व्हरला फारसे कष्ट न पडता हजारोंना दाखवता येते. कार्ट, चेकआउट आणि ‘माझे खाते’ ही पाने प्रत्येकासाठी वेगळी असल्यामुळे त्यांना ही सोय नाही. तिथे दर वेळी पीएचपी (वर्डप्रेस ज्या संगणकीय भाषेत लिहिले आहे ती) चालवावी लागते आणि डेटाबेसला विचारावे लागते. पीएचपीची एक प्रक्रिया एका वेळी एकच विनंती हाताळते. समजा, तुमच्या योजनेत अशा चार प्रक्रिया आहेत आणि चेकआउटचे पान तयार व्हायला एक सेकंद लागतो. मग सेकंदाला चार विनंत्यांच्या पुढे तुमचे दुकान जाऊच शकत नाही. सवलतीचा संदेश पाठवल्यावर ४० जणांनी एकाच क्षणी ते पान मागितले, तर शेवटच्या माणसाच्या वाट्याला दहा सेकंदांची प्रतीक्षा येते. त्यातच वूकॉमर्समध्ये ग्राहकाने पत्ता बदलला, की पाठवणीचा खर्च नव्याने काढण्यासाठी पडद्याआड आणखी एक विनंती जाते. वैतागून लोक पुन्हा पुन्हा बटण दाबतात आणि रांग वाढत जाते. शेवटी ५०३ ही ‘सेवा उपलब्ध नाही’ अशी त्रुटी दिसू लागते, किंवा सर्व्हरवर क्लाउडलिनक्स ही होस्टिंगसाठीची ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर ५०८ क्रमांकाची, म्हणजे तुमच्या वाट्याची साधने संपल्याची. एरवी वेगवान वाटणारे दुकान अशा रीतीने नेमक्या विक्रीच्या दिवशी बंद पडते.

म्हणून कंपनीला लेखी विचारावे : या योजनेत पीएचपीच्या किती प्रक्रिया एकाच वेळी चालू शकतात? पीएचपीला मेमरी किती मिळते? वूकॉमर्स स्वतः किमान २५६ एमबी सुचवते. मर्यादा ओलांडली तर संकेतस्थळ मंदावते की खातेच स्थगित होते? वरच्या योजनेत जायचे झाल्यास सर्व काही जागच्या जागी वाढते, की नव्या सर्व्हरवर स्थलांतर करावे लागते? पीएचपीच्या कोणत्या आवृत्त्या उपलब्ध आहेत, हेही विचारावे. पीएचपी ८.१ ला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती ३१ डिसेंबर २०२५ रोजी थांबली, त्यामुळे त्या किंवा त्याहून जुन्या आवृत्तीवरच अडकलेल्या कंपनीकडे नवे दुकान नेण्यात अर्थ नाही. या प्रश्नांना आकड्यांत उत्तर देणारी कंपनी महाग असली तरी तिच्याशी बोलणे पुढे न्यावे. ‘काळजी करू नका, सगळे अमर्याद आहे’ असे सांगणाऱ्या कंपनीचा नाद सोडावा.

शेअर्ड, व्हीपीएस, क्लाउड, डेडिकेटेड या नावांना फार बिचकू नये. शेअर्डमध्ये एकाच यंत्रावर अनेक संकेतस्थळे असतात आणि शेजाऱ्याच्या गर्दीचा त्रास तुम्हालाही होऊ शकतो. व्हीपीएसमध्ये यंत्राचा ठरावीक वाटा तुमच्यासाठी राखलेला असतो, क्लाउडमध्ये तो अनेक यंत्रांच्या समूहातून मिळतो. मात्र ‘अनमॅनेज्ड’ व्हीपीएस घेतला, तर ऑपरेटिंग सिस्टिमची डागडुजी, फायरवॉल (घुसखोरी अडवणारी व्यवस्था), डेटाबेसची देखभाल हे सारे तुमच्याच गळ्यात पडते. ते करणारा माणूस हाताशी नसेल, तर स्वस्तात मिळालेला असा सर्व्हर काही महिन्यांतच धोकादायक बनतो. तुमच्या आकाराच्या दुकानाला मर्यादा स्पष्ट सांगणारी आणि वूकॉमर्सची देखभाल करून देणारी मॅनेज्ड योजना पुरेशी आहे. डेडिकेटेड सर्व्हरचा, म्हणजे पूर्ण यंत्र एकट्याने घेण्याचा, विचार आज करण्याची गरज नाही.

एक गोष्ट मात्र नंतर बदलायला कटकटीची असते, ती म्हणजे सर्व्हरचे ठिकाण. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ग्राहकापासून १०,००० किलोमीटर दूर असेल, तर जाऊन येण्यातच किमान १०० मिलिसेकंद जातात. नवी सुरक्षित जोडणी करताना टीएलएस या कूटबद्धतेच्या पद्धतीची १.३ ही आवृत्ती असली तरी अशा तीन फेऱ्या होतात : एक जोडणीची, एक कूटबद्धतेची आणि एक प्रत्यक्ष पानाची. म्हणजे सर्व्हरने शून्य वेळ घेतला असे धरले तरी ३०० मिलिसेकंद गेलेच. पहिला बाइट ०.८ सेकंदाच्या आत यावा, अशी गूगलची शिफारस आहे, आणि त्यातला मोठा हिस्सा नुसत्या अंतरातच खर्च होतो. सीडीएन (ग्राहकांजवळच्या सर्व्हरवर प्रती ठेवणारे जाळे) वापरल्याने चित्रे जवळून मिळू लागतात, पण चेकआउटचे पान मूळ सर्व्हरवरूनच यावे लागते. तेव्हा तुमचे बहुसंख्य ग्राहक जिथे आहेत, त्यांच्या जवळचे डेटा सेंटर निवडण्याची मुभा आहे का, ते आधी पाहावे. चाचणीच्या मुदतीत शे-दोनशे नमुना वस्तू भरून चेकआउटच्या पानाचा वेग मोजावा. मुखपृष्ठाचा वेग सगळेच चांगला दाखवतात.

प्रश्न : मला तांत्रिक बाबींत गती नाही. सर्व्हर, प्लगइन, अद्ययावतीकरण या भानगडीत न पडता शॉपिफायसारखी तयार सेवा घेतली, तर मी काही गमावतो का?

उत्तर : काही गोष्टी गमावता, पण तुमच्या परिस्थितीत तो सौदा बहुधा फायद्याचाच ठरेल. २००६ साली सुरू झालेल्या शॉपिफायसारख्या सेवांमध्ये सर्व्हर, त्याची सुरक्षा आणि गर्दीच्या वेळचा भार ही सर्वस्वी त्यांची जबाबदारी असते. तुम्ही दरमहा भाडे भरता आणि वस्तूंकडे लक्ष देता. त्यांच्या स्वतःच्या पेमेंट सेवेऐवजी दुसरा गेटवे (ग्राहकाचे पैसे स्वीकारणारी सेवा) वापरला तर प्रत्येक व्यवहारावर जादा शुल्क लागू शकते. म्हणून तुमच्या देशात त्यांची पेमेंट सेवा उपलब्ध आहे का, हे सर्वांत आधी तपासावे, कारण वार्षिक खर्चाचे गणित तिथेच फिरते.

सेवा सोडून जाताना वस्तू आणि ग्राहकांच्या याद्या सीएसव्ही, म्हणजे साध्या तक्त्याच्या, फाइलमध्ये बाहेर काढता येतात. मांडणी मात्र बरोबर नेता येत नाही, कारण त्यांची थीम त्यांच्याच व्यवस्थेत चालते. पानांचे पत्तेही बदलतात, त्यामुळे जुन्या पत्त्यांवरून नव्यांकडे वळवण्या लावाव्या लागतात, नाहीतर शोधयंत्रांतून येणारे ग्राहक रिकाम्या पानावर जाऊन आदळतात. दुकानाचा व्यवहार सरळ असेल, म्हणजे वस्तू, किंमत, पत्ता आणि पैसे एवढ्यावर भागत असेल, तर तयार सेवा घ्यावी. प्रत्येक ऑर्डरमध्ये वेगळे मोजमाप, वेगळा मजकूर किंवा हप्त्यांची स्वतःची पद्धत असेल, तर २०११ पासून चालत आलेल्या आणि मुक्त स्रोत असलेल्या वूकॉमर्समध्ये हात मोकळा राहतो. मॅजेन्टो या दुकानासाठीच्या आणखी एका प्रणालीचे नाव कोणी सुचवले, तर त्यासाठी वेगळा तंत्रज्ञ कायम लागेल, हे गृहीत धरूनच होकार द्यावा.

प्रश्न : सगळ्याच कंपन्या ‘९९.९ टक्के अपटाइमची हमी’ देतात. या हमीचा उपयोग काय?

उत्तर : उपयोग मर्यादित आहे. अपटाइम म्हणजे संकेतस्थळ चालू असण्याचा वेळ. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे पावणेनऊ तास, किंवा तीस दिवसांच्या महिन्यात ४३ मिनिटे, बंद राहण्याची मुभा. ९९.९९ टक्क्यांत ती वर्षाला सुमारे ५३ मिनिटांवर येते. पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बहुधा या हिशेबातून वगळलेली असते. हमी पाळली गेली नाही, तर मिळते ती पुढच्या बिलातली थोडी सूट. बुडालेल्या विक्रीची भरपाई कोणी देत नाही.

शिवाय, कंपनी जे मोजते ते बहुतेक वेळा यंत्र आणि नेटवर्क चालू आहे का एवढेच असते. यंत्र चालू, पण डेटाबेस अडकल्यामुळे चेकआउट बंद, अशी वेळ आली तरी त्यांच्या नोंदीत तुमचे दुकान सुरूच असते. यावर उपाय म्हणून बाहेरची एखादी देखरेख सेवा लावावी आणि ती एखाद्या वस्तूच्या पानावर ‘कार्टमध्ये टाका’ हे शब्द दिसतात का, हे दर काही मिनिटांनी तपासेल अशी व्यवस्था करावी. मोठ्या नावामुळे खंड पडत नाही, असेही समजू नये. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी ॲमेझॉनच्या एस-थ्री या साठवण सेवेत एका आज्ञेतील चुकीच्या आकड्याने ठरल्यापेक्षा जास्त सर्व्हर बंद झाले, आणि तिच्यावर विसंबलेली असंख्य संकेतस्थळे काही तास आडवी झाली.

प्रश्न : आमचे दुकान एका ओळखीच्या विकासकाने उभे करून दिले. डोमेन, होस्टिंग आणि बॅकअप हे सारे त्याच्याच खात्यात आहे. ‘रोजचा बॅकअप मोफत आहे’ असे तो सांगतो. आता त्याच्याकडून उत्तरे यायला आठवडा लागतो. आम्ही दुसऱ्या कंपनीकडे जावे म्हणतो. कुठून सुरुवात करावी?

उत्तर : सुरुवात डोमेनपासून, म्हणजे दुकानाच्या इंटरनेटवरील नावापासून, करावी, होस्टिंगचे नंतर बघता येईल. होस्टिंग बिघडले तर ते बदलता येते, डोमेन हातचे गेले तर दुकानाची पाटीच जाते. नोंदणीत मालक म्हणून कोणाचे नाव आणि कोणता ईमेल आहे, ते तपासून घ्यावे आणि विकासकाशी संबंध गोडीचे आहेत तोवरच डोमेन स्वतःच्या खात्यात वर्ग करून घ्यावे. त्यासाठी त्याच्याकडून डोमेनचे कुलूप काढून घ्यावे लागते आणि हस्तांतराचा कोड मागावा लागतो. डोमेनची नोंदणी किंवा हस्तांतर नुकतेच झाले असेल, तर साधारण ६० दिवस थांबावे लागू शकते. नोंदणीचा ईमेल पत्ता त्याच डोमेनवरचा ठेवू नये. मुदत संपून डोमेन बंद पडले, तर तो ईमेलही बंद पडतो आणि नूतनीकरणाची सूचना तुमच्यापर्यंत पोहोचतच नाही. आमच्या मते डोमेन आणि होस्टिंग शक्यतो दोन वेगळ्या कंपन्यांकडे असावे. एकाच ठिकाणी ठेवण्यात सोय आहे हे मान्य, पण बिलावरून वाद होऊन खाते गोठवले गेले, तर दोन्ही एकदम गोठतात.

आता बॅकअप. ‘रोज’ आणि ‘मोफत’ या दोन शब्दांवर समाधान मानू नये. बॅकअप कुठे ठेवला जातो, हे विचारावे. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच क्लाउड या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक संपूर्ण इमारत जळून गेली, आणि ज्यांचे बॅकअपही त्याच आवारात होते अशा काही ग्राहकांची माहिती कायमची गेली. तेव्हा एक प्रत तरी दुसऱ्या कंपनीकडे, दुसऱ्या ठिकाणी आणि तुमच्या स्वतःच्या खात्यात असली पाहिजे. तिची चावी होस्टिंगच्या सर्व्हरवरच ठेवली असेल, तर घुसखोर दोन्हींवर हात मारू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे.

दुकानाच्या बाबतीत आणखी एक पेच आहे, जो साध्या माहितीपर संकेतस्थळाला नसतो. समजा, मध्यरात्री बॅकअप झाला आणि दुपारी तीन वाजता एखाद्या प्लगइनने दुकान मोडले. मध्यरात्रीची प्रत परत आणली, तर दुकान सुरू होईल, पण सकाळपासूनच्या साऱ्या ऑर्डर पुसल्या जातील. ग्राहकांचे पैसे गेटवेकडे जमा झालेले असतील आणि तुमच्याकडे त्यांचा पत्ताही नसेल. यासाठी फायली आणि डेटाबेस यांचा बॅकअप वेगवेगळा घेता यावा आणि परत आणतानाही एकच भाग आणता यावा, ही सोय योजनेत असायला हवी. चित्रे आणि थीम रोज एकदा घेतली तरी चालते. डेटाबेस मात्र दर तासाला, आणि विक्री जोरात असेल तर त्याहूनही लवकर घ्यावा. हे सर्व जमले तरी मधल्या काही ऑर्डर निसटतीलच. त्या गेटवेच्या व्यवहारनोंदीवरून जुळवून घ्याव्यात.

परत आणून न पाहिलेला बॅकअप असून नसल्यासारखा असतो, म्हणून निदान एकदा तरी तो स्टेजिंगच्या, म्हणजे चाचणीसाठीच्या वेगळ्या, जागेवर उभा करून पाहावा. असे करताना स्टेजिंगवरून बाहेर जाणारे ईमेल आणि खरे पेमेंट आधी बंद करावे. नाहीतर खऱ्या ग्राहकांना जुन्या ऑर्डरची पत्रे पुन्हा जातात आणि फोन खणखणू लागतात.

स्थलांतराचा दिवस गर्दीचा नसावा. त्याच्या एक-दोन दिवस आधी डोमेनच्या डीएनएस नोंदीचा (नाव कोणत्या सर्व्हरकडे जाते हे सांगणाऱ्या नोंदीचा) टीटीएल, म्हणजे ती इतरत्र साठवून ठेवण्याची मुदत, ३०० सेकंदांवर आणावा, म्हणजे पत्ता बदलल्यावर बहुतेक ग्राहक काही मिनिटांत नव्या सर्व्हरवर पोहोचतात. डेटाबेसची शेवटची प्रत घेण्यापूर्वी जुने दुकान देखभालीसाठी बंद ठेवावे. हा थोडा वेळ विक्री थांबते, याचे वाईट वाटून अनेक जण दुकान चालूच ठेवतात, आणि मग काही ऑर्डर जुन्या सर्व्हरवर आणि काही नव्यावर, असा घोळ निस्तरण्यात दोन दिवस जातात. दोन्ही कंपन्यांकडे सीपॅनेल हे होस्टिंगचे नियंत्रण पॅनेल असेल, तर संपूर्ण खात्याची प्रत एका फाइलमध्ये नेता येते आणि नवी कंपनी अनेकदा हे काम विनामूल्य करून देते. जुने खाते लगेच बंद करू नये. महिनाभर ते तसेच राहू द्यावे, कारण विसरलेले ईमेल, जुन्या नोंदी आणि कुठेतरी अडकलेल्या फायली नंतरच आठवतात.

नव्या कंपनीला सुरुवातीलाच विचारायचा प्रश्न यातूनच निघतो : उद्या आम्हाला सोडून जायचे असेल, तर आमचा संपूर्ण डेटाबेस आणि फायली आम्ही स्वतः, तुम्हाला न विचारता, उतरवून घेऊ शकतो का? इथे होकार मिळत नसेल, तर पुढचे काही विचारण्याची गरज नाही.

प्रश्न : मोफत एसएसएल प्रमाणपत्र दुकानाला चालते का? की विकतचेच घ्यावे?

उत्तर : चालते. हे प्रमाणपत्र ग्राहक आणि दुकान यांच्यातली माहिती कूटबद्ध करण्यासाठी लागते. लेट्स एन्क्रिप्ट ही संस्था २०१५ च्या अखेरीपासून मोफत प्रमाणपत्रे देत आहे, आणि त्यांतील कूटबद्धता विकतच्या प्रमाणपत्राइतकीच भक्कम असते. विकतच्या काही प्रकारांत संस्थेची ओळख तपासली जाते, पण ब्राउझरमध्ये ग्राहकाला आता त्याचा ठळक फरक दिसत नाही. मोफत प्रमाणपत्रांची मुदत सहसा ९० दिवसांची असते, म्हणून नूतनीकरण आपोआप होते ना, एवढे कंपनीकडून पक्के करून घ्यावे. ठरलेल्या वेळापत्रकानुसार सर्वच प्रमाणपत्रांची कमाल मुदत १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांवर येणार आहे, त्यामुळे हाताने नूतनीकरण करण्याचे दिवस तसेही संपत आले आहेत.

प्रमाणपत्र असले म्हणजे कार्डाची माहिती स्वतःच्या सर्व्हरवर घ्यायला हरकत नाही, असा समज काही पत्रांत दिसला. तो चुकीचा आहे. कार्ड कंपन्यांनी ठरवलेले पीसीआय डीएसएस हे मानक दुकानदारालाही लागू होते, आणि त्याचा भार हलका ठेवण्याचा मार्ग म्हणजे कार्डाचे आकडे गेटवेच्या स्वतःच्या पानावरच भरून घेणे. ते आकडे तुमच्या सर्व्हरवर उमटताच कामा नयेत.

प्रश्न : नव्या दुकानात दोन त्रास होत आहेत. ग्राहकाचे पैसे कापले जातात, पण आमच्याकडे ऑर्डर ‘प्रलंबित’ दिसते. आणि ऑर्डरची पोच देणारे ईमेल ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाते. होस्टिंग बदलल्याने हे सुटेल का?

उत्तर : पहिला त्रास होस्टिंगशी संबंधित असण्याची शक्यता बरीच आहे. पैसे जमा झाल्यावर गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला एक निरोप पाठवतो, त्याला वेबहुक म्हणतात. तो आल्याशिवाय ऑर्डरची स्थिती बदलत नाही. हा निरोप माणसाच्या ब्राउझरमधून येत नसल्यामुळे काही होस्टिंग कंपन्यांची फायरवॉल त्याला हल्ला समजून अडवते. गेटवेच्या खात्यात वेबहुकची नोंदवही असते, ती उघडून पाहावी. तिथे ४०३ हा प्रतिसाद दिसला, तर निरोप बहुधा दारातच अडवला गेला. ५०३ किंवा वेळ संपल्याची नोंद दिसली, तर सर्व्हर भाराखाली दबलेला आहे. पहिल्या परिस्थितीत त्या नोंदीचे चित्र कंपनीला पाठवून तेवढा पत्ता मोकळा करून घ्यावा. कंपनी बदलण्याची वेळ तिने हात वर केले तरच येते.

दुसऱ्या त्रासासाठी होस्टिंग बदलू नये. शेअर्ड सर्व्हरवर अनेकांचे ईमेल एकाच आयपी पत्त्यावरून जातात, आणि त्यांतल्या एकाने कचरा पाठवला की सर्वांची पत घसरते. ऑर्डरचे ईमेल पाठवण्यासाठी वेगळी व्यवहार-ईमेल सेवा घ्यावी आणि डोमेनच्या नोंदींत एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या, पाठवणारा खरा असल्याची खूण पटवणाऱ्या, तिन्ही लावाव्यात. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याबाबत नियम कडक केले आहेत. जीमेलवर दिवसाला ५,००० हून अधिक ईमेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी अनिवार्य आहेत, पण लहान दुकानानेही त्या लावलेल्या बऱ्या.

प्रश्न : तीन वर्षांचे पैसे एकदम भरले तर मोठी सवलत मिळते आहे. परीक्षणेही उत्तम आहेत. घ्यावी का?

उत्तर : अनोळखी कंपनीशी पहिलाच करार तीन वर्षांचा करू नये. दाखवलेला दर बहुधा पहिल्या मुदतीपुरता असतो, नूतनीकरणाचा दर त्याच्या कितीतरी पट असू शकतो. तो पान संपता संपता बारीक अक्षरांत दिलेला असतो. तोच दर धरून पाच वर्षांचा खर्च काढावा आणि मग तुलना करावी. पैसे परत करण्याच्या हमीतून डोमेनचे शुल्क सहसा वगळलेले असते.

परीक्षणांबद्दल सांगायचे तर, होस्टिंगची तुलना करणाऱ्या अनेक संकेतस्थळांना त्यांच्या दुव्यावरून झालेल्या प्रत्येक खरेदीमागे दलाली मिळते. काही वेळा ज्या नावांची तुलना चालते ती एकाच मालकाची असतात. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर, उदाहरणार्थ, दोन्ही न्यूफोल्ड डिजिटलची आहेत. यात गैर काही नाही, पण एकाला कंटाळून दुसऱ्याकडे जाणाऱ्याला हे माहीत असावे.

परीक्षणांपेक्षा स्वतः केलेली चौकशी अधिक कामाची. विक्री विभागाला टाळून तांत्रिक साहाय्य विभागाला, शक्यतो सुट्टीच्या आदल्या रात्री, एक नेमका प्रश्न लिहून पाठवावा : ‘डेटाबेसची काल दुपारी दोनची प्रत मला एकट्याने परत आणता येईल का, आणि कशी?’ उत्तर किती वेळात आले, ते माणसाने लिहिले होते का, आणि त्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर होते की मदतपानाचा दुवा, हे पाहावे. ते समाधानकारक असेल तर एक महिन्याची किंवा फार तर एक वर्षाची योजना घ्यावी, चेकआउटचा वेग आणि बॅकअप तपासून घ्यावा, आणि मुदत संपण्याच्या महिनाभर आधी लांब मुदतीच्या सवलतीबद्दल कंपनीशी बोलणे करावे. जुना ग्राहक निघून जातो आहे असे दिसले, की नव्या ग्राहकाचा दर त्यालाही देण्याची तयारी काही कंपन्या दाखवतात. ज्या कार्डावरून पैसे आपोआप कापले जाणार आहेत, त्याची मुदत त्याआधी संपत नाही ना, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.